प्रश्न तुमचे, किडे माझे : गादमाशीच्या आईकडची वंशावळ

मागच्या अंकात धानाच्या गादमाशीबद्दल लिहिता लिहिता मी एक ओळ टाकून दिली होती : ‘हिच्या तंतुकणिकेतली बरीचशी अवजारं अर्धवट तुटलेली आहेत, तरी कारखाना सुरू आहे.’ जागा संपली आणि खुलासा राहिला. त्या ओळीने पोस्टमनला चांगलंच कामाला लावलं. कुणाला तंतुकणिका म्हणजे काय ते हवंय, कुणाला अवजारं कोणती ते. गोंदियाकडच्या एका आजोबांनी पोस्टकार्डावर एवढंच विचारलंय : ‘माशी मोडकी, तर आमचं धान कसं मोडते?’ त्यांना शेवटी उत्तर देते. आधी बाकीचे.

साकोली तालुक्यातून एक शेतकरी लिहितात : ताई, माझा भाचा नागपूरला शिकतो. तो म्हणतो, दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी गादमाशीचा मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम पूर्ण वाचून काढला. आमच्याकडे औंदा रोवणी उशिरा झाली आणि बांधीत पोंगेच पोंगे. त्यांनी वाचून काढला, त्याचा आम्हाला फायदा काय?

भाऊ, यंदाच्या पोंग्यांसाठी काहीही फायदा नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना राग राहणार नाही. पोंगा, म्हणजे लोंबीऐवजी फुटव्याची झालेली पोकळ नळी, दिसला म्हणजे आत अळीने आपलं काम उरकलेलं असतं. त्या फुटव्याला आता लोंब यायची नाही. उशिराच्या रोवणीवर गाद जास्त पडते, हे तुमच्या आजोबांनाही ठाऊक होतं.

माझं माहेर गोंदियाजवळचं. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होता. श्रावणात बाबा बांधीवरून आले की चिखलाचे पाय धुता धुता आईला म्हणायचे, “गाद पडली.” मला वाटायचं गाद म्हणजे गाळ, तळाला बसतो तो. बी.एस्सी.ला गेल्यावर एका सुट्टीत मी कांद्याच्या पातीसारखे दिसणारे वीसेक पोंगे मुळासकट उपटून आणले, ओल्या मातीत रोवून कंदिलाच्या काचेत उभे केले आणि वर मलमलचा तुकडा बांधला. डासाएवढी, लालसर पोटाची माशी डोळ्यांनी बघायची होती. आठवडाभराने काचेला आतून काळे ठिपके चिकटलेले दिसले, मोहरीच्या निम्म्याने, आणि ते चालत होते. माश्या निघाल्या चारच. ठिपके म्हणजे प्लॅटिगॅस्टर ओरायझी ही गांधीलमाशीच्या गोतातली इवलीशी परजीवी. ती गादमाशीच्या अंड्यात किंवा कोवळ्या अळीत आपलं अंडं घालते आणि एका अळीतून तिची पलटणच्या पलटण बाहेर पडते. आई म्हणाली, “तुझ्या कंदिलातले हे काळे बांधीत सोड, बाबांना बरं वाटेल.” कीटकशास्त्रातला जैविक नियंत्रणाचा पहिला धडा मला असा चुलीपाशी मिळाला.

आता भाच्याचं. प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या छोट्या चुली असतात. पाठ्यपुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, बोलताना सगळे मायटोकॉन्ड्रियाच म्हणतात. या चुलींजवळ स्वतःचा वेगळा डीएनए असतो, बांगडीसारखा गोल. भाचा म्हणतो तो जीनोम म्हणजे हीच बांगडी. केंद्रकातल्या डीएनएच्या मानाने अगदीच किरकोळ. माणसाची ही बांगडी १६,५६९ अक्षरांची आहे. धानाच्या गादमाशीची, म्हणजे ओर्सिओलिया ओरायझीची, १५,२८६ अक्षरांची. ही दुसरी बांगडी दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय जनुक अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या सुरेश नायर यांच्या गटाने हैदराबादच्या जगदीश बेंतूर यांच्यासोबत वाचली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. बेंतूर यांची हयात या एका माशीपाठी गेली, असं म्हटलं तरी चालेल. अशी माणसं असतात म्हणून आपल्याला काही कळतं.

तुमच्या कामाचा भाग इथून पुढे. गादमाशी दिसायला सगळीकडे एकच, पण वागायला एक नाही. भारतात तिचे सात बायोटाइप मानले जातात. एका बायोटाइपला जे धान पचत नाही, ते दुसऱ्याला सहज पचतं. फाल्गुना हे वाण एके काळी गादीला दाद देत नसे. पुढे आंध्रच्या उत्तर किनाऱ्याला, श्रीकाकुळमकडे, त्याच्यावरही पोंगे दिसू लागले. आपल्या बांधीत कोणता बायोटाइप आहे हे ठरवायची जुनी रीत म्हणजे वेगवेगळ्या ठरावीक वाणांचे पऱ्हे वाढवायचे, त्यांवर माश्या सोडायच्या आणि कुठे पोंगा येतो ते मोजत बसायचं. आठवडेच्या आठवडे जातात. दिल्लीकरांना बांगडीवर दोन जागा अशा सापडल्या, जिथे अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, अडखळत बोलणारा माणूस एकच शब्द तीनदा म्हणतो तसा. कोण किती वेळा अडखळतं हे मोजलं, तर बायोटाइप वेगळे ओळखता येतात. एक माशी, एक चाचणी.

पण भाच्याला एवढं सांगा : वाण पचवायची खुबी त्या बांगडीत नाही, ती केंद्रकातल्या जनुकांत आहे. बांगडीवरचा अडखळा हे नुसतं ओळखपत्र. आडनावावरून गाव कळावं, तसं. माणूस गाव सोडून गेला तरी आडनाव तेच राहतं, म्हणून निव्वळ ओळखपत्रावर विसंबून बियाणं निवडू नये, पऱ्ह्यांची जुनी रीतही मोडीत काढू नये.

अमरावतीची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी विचारते : मॅडम, गादमाशीच्या टीआरएनएला टी-बाहूच नसेल तर ते रायबोसोमवर बसणार कसं? मग आमच्या पुस्तकातलं चित्र चूक का? आणि तिच्या जनुकांचा क्रम बदलला तो कसा?

चूक नाही गं, चित्र आदर्श आहे. चित्रातल्यासारखं सगळ्यांनी राहिलं असतं तर मला पस्तीस वर्षं शिकवायला काय उरलं असतं?

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडं. आंबुशीचं पान डोळ्यांसमोर आणा : एक देठ, तीन पाकळ्या. प्रथिनाच्या विटा वाहून आणणारा रेणू म्हणजे टीआरएनए, त्याचं चित्र तसंच. मागच्या अंकातली माझी तुटकी अवजारं ती हीच. देठाच्या टोकाला प्रथिनाची एक वीट, म्हणजे अमिनो आम्ल, लटकतं. मधल्या पाकळीवर तीन अक्षरांची खूण असते. ती जनुकाच्या हुकमाशी जुळली की रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं रचणाऱ्या यंत्रावर, ती वीट रचली जाते. डावी पाकळी डी-बाहू, उजवी टी-बाहू. देठ दुपदरी असतो : साखळीची सुरुवात एका बाजूने आणि शेवट दुसऱ्या बाजूने येऊन एकमेकींना बिलगतात. सगळी साखळी साधारण सत्तर-पंच्याहत्तर अक्षरांची. कीटकांच्या बांगडीवर एकूण ३७ जनुकं : १३ प्रथिनांची, २ रायबोसोमच्या आरएनएची आणि २२ या आंबुशींची.

२००९ मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या अँड्रू बेकेनबाख आणि जेफ्री जॉय यांनी दोन गादमाश्यांच्या बांगड्या वाचल्या. एक गव्हावरची मायेटिओला डिस्ट्रक्टर, दुसरी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सेजब्रश झुडपावर स्पंजासारखी गाठ करणारी ऱ्होपॅलोमाया पोमम. दोन्ही बांगड्या पंधरा हजार अक्षरांच्या आत. टीआरएनएची जनुकं शोधायला त्यांनी नेहमीच्या संगणकी चाळण्या लावल्या, तेव्हा ती सापडेचनात. कारण त्या चाळण्या आंबुशीचं अख्खं पान शोधतात. इथे उजवी पाकळी गायब, आणि कित्येकांत तर देठाचा शेवटचा पदरसुद्धा जनुकात लिहिलेला नाही. जनुक मधेच तुटतं आणि लगेच शेजारचं सुरू होतं. पुढे आपल्या धानाच्या गादमाशीतही हीच मोडतोड दिसली. शिवाय एक टीआरएनए तर नुसता सांगाडा, कामाचा नाही.

मग चालतं कसं? तुझा प्रश्न दोन तुकड्यांत घेऊ.

पाकळी नसणं ही तितकीशी अजब गोष्ट नाही. गोलकृमींच्या तंतुकणिकेत १९८७ मध्येच असे एक-पाकळी कमी असलेले टीआरएनए सापडले होते, कोळ्यांतही आहेत. टीआरएनएला धरून रायबोसोमपर्यंत नेणारं एक प्रथिन असतं, ईएफ-टीयू. गोलकृमींनी ते प्रथिनच बदलून घेतलं : त्याला शेपटासारखा जादा भाग फुटलाय, तो नसलेल्या पाकळीची जागा भरून काढतो. किल्ली झिजली तेव्हा त्यांनी कुलूपच बदललं.

देठाचा पदर नसणं हे मात्र भारी प्रकरण आहे, कारण अमिनो आम्ल तिथेच बांधायचं असतं. इथे दुरुस्ती नकलेवर होत असणार, मूळ वहीत नाही. जनुकाची आरएनए प्रत निघाली की तिचं तुटकं शेपूट नंतर लांबवायचं. अशी शिवणकामाची उदाहरणं इतर प्राण्यांत आहेत. लिथोबियस फॉर्फिकॅटस या गोमेत २००० साली दाखवून दिलं गेलं की देठाचा पहिला पदर बघून त्याला जुळेल असा दुसरा पदर आयत्या वेळी विणला जातो. आणि तुला आठवत असेल, कोणत्याही प्राण्याच्या टीआरएनएच्या टोकाची सी-सी-ए ही तीन अक्षरं जनुकात नसतातच. ती एक विकर बाहेरून लावतं. सुईदोरा पेशीत आधीपासून आहे. गादमाशीने त्याच्यावर जास्त भार टाकला, इतकंच.

का टाकला, यावर माझं मत विचारशील तर मला ‘काटकसर’ हे उत्तर पटत नाही. बांगडी छोटी करायची तर धानाच्या गादमाशीने तसं केलेलं नाही. तिच्यात निरुपयोगी, न वाचल्या जाणाऱ्या जागा इतर कीटकांपेक्षा जास्तच आहेत. काटकसरी बाई अवजारं मोडून अडगळ साठवत नाही. मला हे निसरड्या उतारासारखं वाटतं. शिवणारं विकर एकदा बरं चाललं की शेपटात एखादं अक्षर चुकलं तरी भागतं. मग दुसरं चुकतं. आणि मागे वळायला वाट राहत नाही.

क्रमाचंही विचारलं आहेस. कीटकांच्या बांगडीवर जनुकांचा एक जुना, ठरलेला क्रम असतो. फळमाशी ड्रोसोफिला याकुबाची १६,०१९ अक्षरांची बांगडी १९८५ मध्ये वाचली गेली तेव्हापासून तो क्रम घोकून पाठ झालाय. गादमाश्यांनी तो मोडला. धानाच्या गादमाशीत टीआरएनएच नव्हे तर प्रथिनांची जनुकंही जागेवरून हललीत आणि रायबोसोमची दोन्ही जनुकं तोंड फिरवून उलटी बसलीत. याचं एक नेहमीचं स्पष्टीकरण असं : बांगडीचा एखादा भाग चुकून दुप्पट लिहिला जातो, मग दोन्ही प्रतींतली कुठलीतरी एकेक जनुकं झिजून जातात आणि उरलेल्यांचा क्रम नवा होतो. परीक्षेत हे लिहून ये. पण या रीतीत तोंड फिरवायची सोय नाही, हेही लिही. उलटं बसायचं तर बांगडी तुटून फिरून जुळायला हवी. दिल्लीच्या गटानेही तंतुकणिकेतल्या अशा आतल्या तोडजोडीकडेच कल दिलाय.

दापोलीहून एक बागायतदार : आमच्या आंब्याच्या पत्रकात मोहोरावर ‘मिजमाशी’ येते. विदर्भातल्या भातावर ‘गादमाशी’. एकच की वेगळ्या?

जाती वेगळ्या, घराणं एक. ‘मिज’ हा इंग्रजीतून आलेला शब्द म्हणजेच बारीक माशी, तेव्हा मिजमाशी म्हणजे माशीमाशी. ज्वारीवरची मिजमाशी, जवसावरची गादमाशी. नावं त्या त्या पिकाच्या लोकांनी ठेवलीत, नात्याचा विचार करून नव्हे. सगळ्या सेसिडोमायिडी कुळातल्या. तुमची माशी मोहोराच्या दांड्यात आणि कोवळ्या फुटीत अंडी घालते, अळी आत खाते, दांडा वाकडा होतो, आणि पुढे ती अळी झाडावरून उडी मारून मातीत कोषात जाते. धानाच्या गादमाशीची अळी कोषातही पोंग्यातच जाते, मातीत उतरत नाही. म्हणून तुम्हाला झाडाखालची जमीन चाळायला सांगतात आणि तिकडे कुणी सांगत नाही.

आणि या घराण्यातल्या सगळ्या काही शत्रू नाहीत. मावा खाणारी एक जात काचघरांत विकत आणून सोडतात.

घराण्याचं मूळ बुरशीत आहे. सगळ्यात जुन्या शाखांच्या अळ्या आजही कुजक्या लाकडातली, पाचोळ्यातली बुरशी खातात. झाडाच्या जिवंत अंगात घुसून त्याच्याकडून घर बांधून घेणं ही नंतरची, एका मोठ्या शाखेची करामत. बुरशीवाल्यांमधल्या काही जाती तर मोठं होण्याची वाटच बघत नाहीत : अळीच्या पोटातच अळ्या वाढतात आणि आईला फोडून बाहेर येतात. १८६० च्या दशकात रशियातल्या कझानच्या निकोलाय वाग्नर यांनी हे सांगितलं तेव्हा लोकांना खरं वाटेना.

चुलत घराणी म्हणजे अळंबीच्या शेडमध्ये त्रास देणाऱ्या काळ्या माश्या आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या गुहांमध्ये छताला लटकून चमकणाऱ्या अळ्या. त्या ऑस्ट्रेलियातल्या चमकणाऱ्या अळीची बांगडीही बेकेनबाख यांनी वाचली आहे आणि तिथे टीआरएनएची ही मोडतोड नाही. म्हणजे चुलत्यांपासून वेगळं झाल्यावर, आपल्याच अंगणात कुठेतरी हे घडलं.

पुण्याहून एक आजी : सोसायटीतल्या सातविणीच्या पानांवर फोड आलेत. हीच माशी का?

नाही हो. सातविणीवरचे फोड सिलिड नावाच्या, उडी मारणाऱ्या, माव्याच्या नात्यातल्या किड्याचे. करंजाच्या पानावरच्या गाठी कोळ्यांच्या जातभाईच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइटच्या. गादमाशीची गाठ बघायची असेल तर तोंडलीच्या वेलाचं खोड बघा, लांबट फुगलेलं. चाकूने उभं चिरा. आत नारिंगी-पिवळी अळी असली तर तुमचा आणि माझा दोघींचा दिवस कारणी लागला. झाड तोडायला लावू नका, एवढी विनंती.

न्यू जर्सीहून एक वाचक : इकडच्या शेतकी प्रदर्शनात वाचलं की गव्हाची ‘हेसियन फ्लाय’ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जर्मन सैनिकांनी आणली. खरं आहे का? आणि बांगडीवरून चोर पकडता येईल का?

नाव तिथूनच पडलं, हे खरं. १७७६ च्या उन्हाळ्यात ब्रिटिशांनी भाड्याने आणलेले हेस प्रांतातले सैनिक तुमच्या शेजारच्या स्टेटन आयलंडवर उतरले, लाँग आयलंडवर लढले. पुढच्या काही वर्षांत त्याच भागात गहू आडवा पडायला लागला. बिछान्याच्या गवतातून माशी आली, असा ठपका बसला. हरलेल्या शत्रूवर टाकायला याहून सोयीचं काय असणार? अपराध सिद्ध झालेला नाही. गव्हासोबत पश्चिम आशियातून ती जगभर गेली असं मानतात, आणि गव्हाचं काड तेव्हा कितीतरी जहाजांत होतं. गाजावाजा मात्र जबर झाला. १७८८ मध्ये ब्रिटनने या माशीच्या भीतीने अमेरिकन गव्हावर बंदी घातली, तर १७९१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन स्वतः या माशीच्या चौकशी समितीवर होते आणि दौऱ्यात शेतकऱ्यांना तिच्याबद्दल विचारत फिरत होते. मंत्र्याने किड्याची चौकशी करावी, हे मला फार आवडतं. शास्त्रीय नाव त्यानंतर बऱ्याच काळाने, १८१७ मध्ये, थॉमस से यांनी दिलं. आपल्या धानाच्या माशीचं तेच : मुंगेरकडे १८८० मध्ये नोंद, नामकरण १८८९ मध्ये, कोलकात्याच्या इंडियन म्युझियमच्या जेम्स वुड-मेसन यांच्याकडून.

चोर पकडायचा तर बांगडी कामाची आहे, पण अर्धीच. ती फक्त आईकडून येते; म्हणून ती ‘कोणत्या माद्या कुठून आल्या’ एवढंच सांगते. या माशीत तर बाबा आधीच बेदखल आहेत. नराचं शुक्र तयार होताना त्याला त्याच्या बापाकडून मिळालेली गुणसूत्रं टाकून दिली जातात आणि आईकडची तेवढी पुढे जातात. नर म्हणजे आजीचं टपाल पोचवणारा. शिवाय बहुतेक माद्यांना एक तर सगळ्या मुलीच होतात, नाही तर सगळे मुलगेच.

गंमत बघा : तुमच्याकडे गहू जरा उशिरा पेरला की माशीचा हंगाम निघून जातो आणि पीक वाचतं, ‘माशी-मुक्त तारीख’ म्हणून ते पाळतात. साकोलीच्या भाऊंचं उशिरानेच नुकसान झालं. एका घराण्याच्या दोन माश्या, पण एकीचा सल्ला दुसरीला लावला तर शेतकरी बुडायचा.

छत्रपती संभाजीनगरच्या कॉलेजातला एक संशोधक विद्यार्थी : मॅडम, मी मराठवाड्यातल्या गादमाश्या गोळा करतोय. गाइड म्हणतात, मायटोजीनोम काढ, म्हणजे तीच बांगडी, आणि झाड बनव, म्हणजे उत्क्रांतीचं झाड. पुरेसं आहे का?

पुरेसं नाही, पण कर. तीन गोष्टी मात्र भिंतीवर लिहून ठेव.

पहिली : या माश्यांची बांगडी फार वेगाने बदलते आणि तिच्यात ए आणि टी या दोनच अक्षरांची गर्दी. डीएनएच्या चार अक्षरांतली दोनच वारंवार यायला लागली की दोन वेगळ्या वंशांत योगायोगाने तेच अक्षर तीच जागा पटकावतं. आमच्या गावात दोघांनाच दाढी होती, तर पाहुणे त्यांना भाऊ समजायचे. प्रत्यक्षात एक होता न्हावी आणि दुसरा गुरव. संगणकही वेगाने बदललेल्या दोन फांद्यांना असाच शेजारी बसवतो. म्हणून नुसत्या अक्षरांचं झाड आलं, तर प्रथिनांच्या अमिनो आम्लांवरूनही काढ, तीन-तीन अक्षरांच्या हुकमांतली तिसऱ्या जागेची अक्षरं वगळून काढ, आणि केंद्रकातली जनुकं घेऊनही काढ. तिन्ही झाडं सारखं बोलली तर छाप.

दुसरी : जनुकांचा क्रम बदलला की तो सहसा परत जुन्या जागी येत नाही, त्यामुळे दोघींत सारखा बदल दिसला तर ती नात्याची बळकट खूण मानतात. पण ज्या घराण्यात खुर्च्या रोजच हलतात, तिथे दोघीजणी योगायोगाने एकाच खुर्चीवर बसू शकतात. एखाद्या टीआरएनएच्या जागेवरून नवी उपशाखा जाहीर करू नकोस.

तिसरी गोष्ट माझ्या पोटातली. एका सहकाऱ्याने मराठवाड्यातूनच गोळा केलेल्या दोनशे कुप्या प्रयोगशाळेत पाठवल्या. कुप्यांत ‘स्पिरिट’ म्हणून जे ओतलं होतं त्यात फॉर्मॅलिन होतं. डीएनएचा चुरा झाला, दोन पावसाळे वाया गेले. कडक अल्कोहोल, ९५ टक्के, आणि तेही दर वर्षी बदलून. आणि प्रत्येक कुपीसोबत एक नर काचपट्टीवर चढव. नराच्या मिशांच्या प्रत्येक मण्याभोवती धाग्याचे वेटोळे असतात, सर्कमफायला. कॉस्टिकमध्ये उकळ, लवंगेच्या तेलात स्वच्छ कर, कॅनडा बाल्सममध्ये बसव. मी एका पावसाळ्यात ते वेटोळे मोजत बसले होते आणि माझ्या सासूबाईंना वाटलं, सून मिशा मोजायला लागली.

हे सगळं कशासाठी, विचारशील. २०१६ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांच्या गटाने कॅनडातल्या कीटकांचे डीएनए-बारकोड मोजले, बांगडीवरचाच ६५८ अक्षरांचा तुकडा. त्यावरून अंदाज आला की एकट्या कॅनडात या कुळाच्या सोळा हजार जाती असाव्यात आणि जगात अठरा लाखांपर्यंत. नावं दिलेल्या जाती जगभरात मिळून साडेसहा हजारांच्या आसपास. अठरा लाख मला जरा सढळ हाताने मोजल्यासारखे वाटतात. बारकोड वेगळा म्हणजे जात वेगळी, असं या घाईने बदलणाऱ्या बांगडीवरून म्हणणं धोक्याचं. पण निम्म्याच्या निम्मे धरले तरी तुझ्या गोळा करण्याला अंत नाही. आणि कोणत्या झाडावर, झाडाच्या कोणत्या भागावर गाठ होती, ते त्याच दिवशी लिही. आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजात एम. एस. मणी यांनी भारतातल्या गाठी उभी हयात नोंदवल्या, त्या आज वापरता येतात त्या अशा नोंदींमुळेच.

आणि आजोबांचं पोस्टकार्ड : माशी मोडकी, तर आमचं धान कसं मोडते?

आजोबा, धान ती माशी मोडत नाही, ती अळी मोडते. पावसाळी ओलाव्यात पानावरून सरपटत ती फुटव्याच्या गाभ्यापर्यंत जाते आणि कोंब जिथे वाढतो तिथे तोंड लावून बसते. तिच्या लाळेने तिथली वाढ भलतीकडे वळते : लोंबीऐवजी पोकळ नळी. घर धान बांधतं, ती फक्त आत बसते. लाळेची जनुकं केंद्रकात आहेत आणि ती धडधाकट आहेत. मोडकं आहे ते चुलीजवळचं, आणि तेही पेशी रोज शिवून घेते.

पुढच्या श्रावणात सकाळी लवकर बांधीत गेलात तर पोंग्याच्या टोकाला बारीक भोक दिसेल आणि त्यातून अर्धी बाहेर लटकलेली कात. ती दिसली की समजा, रात्रीच उडाली. कात नसेल आणि पोंगा अजून बंद असेल, तर उपटून कंदिलाच्या काचेत उभा करा. काळे ठिपके निघाले तर मला पोस्टकार्ड टाका.